दोन माठ आणि सोन्याची खाण

शाळेतील विज्ञान प्रदर्शन तुम्ही सर्वांनी पाहिले असेलच. तुमच्यापैकी अनेकांनी त्यात भागही घेतला असेल. माती-पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, त्याच्या पोटात खाण्याचा सोडा आणि वरून ओतलेले लाल रंगाचे व्हिनेगर. आला फेस भसाभसा वर! शेजारच्या टेबलावर पिचकाऱ्यांच्या जोरावर हात हलवणारा जेसीबी, पलीकडे थर्मोकोलच्या टेकडीवरची पवनचक्की. प्रत्येक टेबलामागे चार-पाच जणांचा गट उभा. त्यांतला एक जण पाठ केलेली माहिती घडाघडा सांगतो आणि बाकीचे गंभीर चेहऱ्याने माना डोलावतात. "बाकीच्यांनी काय केलं?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "बाई, यानं पुठ्ठा कापला, हिनं रंग दिला आणि त्यानं घरून टेबलावरची चादर आणली."

यात वाईट काहीच नाही. पुठ्ठा नीट कापता येणे ही देखील एक कलाच आहे. पण जरा विचार करा. ज्वालामुखीतून फेस येणार हे त्या पाचही जणांना आधीपासून ठाऊक होते. शिक्षकांना ठाऊक होते, परीक्षकांना ठाऊक होते, पाहायला आलेल्या आईबाबांनाही ठाऊक होते. सगळ्यांना उत्तर ठाऊक असेल तर पाच डोकी हवीत कशाला? एक डोके आणि दहा हात पुरेत!

मग पाच डोकी कधी लागतात? आज मी तुम्हांला दोन हकिगती सांगणार आहे. एक आहे दोन माठांची. तिच्यात मी स्वतः मोठी चूक केली. दुसरी आहे एका सोन्याच्या खाणीची. तिथे माणसे सोने सोडून भलतेच काही शोधायला उतरली होती.

कोपऱ्यातले टेबल

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे आमच्या भागातील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून मला बोलावणे आले होते. पाहायची टेबले चाळीसच्या घरात आणि वेळ अवघा दोन तासांचा. भराभर गुण देत मी शेवटच्या कोपऱ्यात पोहोचले. तिथे ना दिवे होते, ना मोटारी. टेबलावर दोन माठ, एक तापमापक आणि एक शंभरपानी वही. मागे आठवीतली पाच मुलेमुली.

त्यांचा प्रश्न घरातूनच आलेला होता. गटातल्या एकाची आजी म्हणे, "जुना माठ पाणी गार करीत नाही. दर उन्हाळ्याला नवा माठ आणावा." हे खरे की खोटे? मुलांनी एक जुना आणि एक नवा असे दोन माठ वर्गात ठेवले आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन आठवडे रोज दुपारी दोन्हींतील पाण्याचे तापमान मोजले. तक्त्यावर खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'काही दिवशी नव्या माठातले पाणी अधिक गार होते, काही दिवशी जुन्या माठातले. आम्हांला निश्चित उत्तर मिळाले नाही.'

मी विचारले, "मग निष्कर्ष काय?"

"बाई, अजून नाही निघाला."

"निष्कर्षच नाही, तर प्रदर्शनात कशाला आणलंत?"

कोणी बोलेना. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने वही पुढे केली. "बाई, वही बघता का?" मी घड्याळाकडे पाहिले, वही कागदांच्या गठ्ठ्यात ठेवली आणि "पुढच्या वर्षी पूर्ण करून आणा हं," असे म्हणून निघाले. त्या गटाला मी सर्वांत कमी गुण दिले. पहिला क्रमांक मिळाला बटण दाबताच वरखाली जाणाऱ्या, दिव्यांनी झगमगणाऱ्या एका उद्‌वाहकाला. तो फार सुबक होता. तो वर गेल्यावर खाली येणार याबद्दल कोणाला तिळमात्र शंका नव्हती.

रात्री घरी कागद आवरताना ती वही हाती लागली.

वहीत काय होते?

वहीत सरळ रेघा मारून रकाने पाडले होते. दिनांक, वेळ, वर्गातील हवेचे तापमान, माठ 'क', माठ 'ख', वाचन कोणी घेतले आणि शेवटी शेरा. आकड्यांवरून नजर फिरवून मी शेरे वाचू लागले आणि खुर्चीत सावरून बसले.

'आज खिडकी बंद होती.'

'माझ्या मते २६, हिच्या मते २७. दोन्ही लिहिले आहे.'

'शिपाईमामांनी क मधले पाणी प्यायले व परत भरले. आजचे वाचन धरायचे का? मतभेद.'

'आज ढग. दोन्ही माठ जवळजवळ सारखे.'

आणि एका पानावर, 'आम्ही चौघे म्हणतो नवा जिंकणार. एकटी म्हणते खिडकी जिंकणार.'

मित्रांनो, माठ पाणी कसे गार करतो हे तुम्ही शिकला आहात. माठाची माती सच्छिद्र असते. आतले पाणी पाझरून बाहेरच्या पृष्ठभागावर येते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता म्हणजे अप्रकट उष्मा. ती माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. नेहमीच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. १० लीटर पाणी १ अंशाने थंड करायचे तर त्यातून १०,००० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. भागाकार करून पाहा. अवघ्या १७ ग्रॅम पाण्याची, म्हणजे साडेतीन लहान चमचे पाण्याची वाफ झाली की हिशेब पुरा! अर्थात बाहेरच्या गरम हवेतून माठात उष्णता सारखी शिरत असते, म्हणून प्रत्यक्षात याहून अधिक पाणी उडून जावे लागते.

आता वाफ किती वेगाने होणार हे कशावर ठरते? मातीची छिद्रे किती मोकळी आहेत यावर तर ठरतेच. आजीचे म्हणणे त्या दृष्टीने अगदी सयुक्तिक होते. जड पाण्यातील क्षार छिद्रांत साठत जातात आणि माठ मुका होतो. पण वाफेचा वेग हवा किती कोरडी आहे यावरही ठरतो आणि वारा किती आहे यावरही ठरतो. ढगाळ, दमट दिवशी नवा माठ काय आणि जुना माठ काय, दोघांचेही फारसे चालत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवतो, त्याच्या खाली सहसा कोणताच माठ जाऊ शकत नाही. त्यात भर म्हणजे शाळेतल्या तापमापकावर १ अंशापेक्षा लहान खूण नसते. डोळा थोडा वर किंवा थोडा खाली राहिला तर वाचन बदलते.

म्हणजे त्या मुलांनी जे लिहिले होते तेच बरोबर होते! त्यांच्या प्रयोगातून निश्चित उत्तर निघतच नव्हते. ते का निघत नव्हते याची कारणेही शेऱ्यांच्या रकान्यात जवळजवळ सगळी आली होती. फक्त ती एकत्र ओवायची राहिली होती. आणि भौतिकशास्त्राची एम.एस्सी. असलेल्या मी त्या वहीला सर्वांत कमी गुण दिले होते.

त्या रात्री मला कोलारची आठवण झाली.

खाणीत उतरलेले शास्त्रज्ञ

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातील अतिशय खोल खाणींत मोडत. त्या २००१ साली बंद झाल्या. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे खाणकामगारांबरोबर पाळण्यातून आणखी काही माणसे खाली उतरत असत. ही माणसे होती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ. १९५१ साली बी. व्ही. श्रीकंटन हे तरुण संशोधक तिथे गेले आणि जमिनीखाली विश्वकिरणांची मोजणी सुरू झाली.

विश्वकिरण अवकाशातून येऊन आपल्या वातावरणावर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण तयार होतात. हे कण आत्ता या क्षणी तुमच्या अंगातूनही जात आहेत. आडव्या धरलेल्या तळहातातून सेकंदाला सुमारे एक, असे हे प्रमाण आहे. दगडातून ते खोलवर जातात, पण जितके खोल जावे तितकी त्यांची संख्या घटत जाते. ती कशी घटते, हे त्या मंडळींना पाहायचे होते.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी एकेक पातळी खाली उतरत मोजणी केली. शेवटी सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर उपकरणे मांडली. सुमारे दोन महिने उपकरणे जागती ठेवली. त्या दोन महिन्यांत किती म्यूऑन आले असतील?

एकही नाही.

आता आपल्या प्रदर्शनाचा परीक्षक तिथे असता तर त्याने काय विचारले असते? "निष्कर्ष काय? दोन महिने फुकट घालवलेत?" पण त्या मंडळींनी रिकाम्या रकान्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. इतक्या खोलवर म्यूऑनांचा गोंगाट पूर्ण थांबतो. मग इतका गोंगाट चाललेला असताना जो आवाज कधीच ऐकू येणार नाही, तो ऐकण्यासाठी याहून शांत जागा कोठे मिळणार? हा आवाज होता न्यूट्रिनो या कणाचा. न्यूट्रिनो सगळी पृथ्वी आरपार ओलांडून जातो आणि वाटेत क्वचितच कशाला धडकतो. धडकलाच, तर त्या धडकेतून एखादा म्यूऑन जन्मतो.

मग सुमारे २,३०० मीटर खोलीवर नवा प्रयोग उभा राहिला. वरून येणारे म्यूऑन डोक्यावरच्या दगडातच बहुतेक अडतात, पण न्यूट्रिनो कोणत्याही बाजूने येऊ शकतो. म्हणून शोधक उपकरणे भिंतींसारखी उभी मांडली आणि आडव्या दिशेने येणाऱ्या कणांची वाट पाहिली. १९६५ साली असे कण सापडले. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची ही जगातील पहिली नोंद. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या दुसऱ्या एका गटालाही ते सापडले.

कोलारच्या त्या शोधनिबंधावर अकरा जणांची नावे आहेत. मुंबईच्या संस्थेतील पाच, जपानच्या ओसाका शहर विद्यापीठातील दोन आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातील चार. पाळणा चालवणारे, तारा ओढणारे, उपकरणे खाली नेणारे यांची नावे निबंधावर नसतात, पण त्यांच्या हातांशिवाय एकही आकडा वर आला नसता.

हवे ते आले नाही, नको ते आले

गोष्ट इथेच संपत नाही. १९७० नंतरच्या दशकात काही सिद्धांतांनी एक विलक्षण भाकीत केले. आपण सर्व ज्याचे बनलो आहोत तो प्रोटॉन अमर नाही, तोही कधीतरी फुटतो. कधी? सरासरी १ वर ३० किंवा त्याहूनही अधिक शून्ये दिल्यावर होतील इतक्या वर्षांनी! इतका काळ वाट कोण पाहणार? पण युक्ती सोपी आहे. एका प्रोटॉनकडे इतकी वर्षे पाहत बसण्याऐवजी तितके प्रोटॉन एकत्र आणून एक वर्ष पाहायचे. १४० टन लोखंडात १ वर ३१ शून्यांपेक्षा अधिक प्रोटॉन असतात. कोलारच्या खाणीत १९८० साली सुमारे १४० टनांचे असे उपकरण काम करू लागले. लोखंडी पत्र्यांचे थर आणि त्यांच्यामध्ये वायू भरलेल्या नळ्या अशी त्याची रचना होती. प्रोटॉन फुटल्यासारख्या वाटणाऱ्या काही घटना त्या गटाला दिसल्याही. पण इतर देशांतील अधिक मोठ्या उपकरणांना तसे काही आढळले नाही. आजपर्यंत कोणालाही प्रोटॉन फुटताना निश्चितपणे दिसलेला नाही.

यांतलेच एक मोठे उपकरण होते जपानमधील कामिओका येथे. डोंगराखालच्या खाणीत ३,००० टन शुद्ध पाण्याची टाकी आणि तिच्या भिंतींवर अंधुक प्रकाशही टिपणारे सुमारे १,००० काचेचे डोळे. १९८३ साली ते सुरू झाले ते प्रोटॉनची वाट पाहण्यासाठी. प्रोटॉन काही फुटला नाही. पण मासातोशी कोशिबा आणि त्यांचे सहकारी स्वस्थ बसले नाहीत. याच टाकीत सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो दिसतील का, असा नवा प्रश्न त्यांनी घेतला आणि उपकरणात सुधारणा केल्या. त्या सुधारणा होऊन फार दिवस झाले नाहीत तोच, २३ फेब्रुवारी १९८७ रोजी टाकीत सुमारे १३ सेकंदांत ११ न्यूट्रिनोंची नोंद झाली. सूर्याहून कितीतरी दूरचा हा निरोप होता. १ लाख ६० हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ताऱ्याच्या स्फोटातून ते निघाले होते! कोशिबा यांना २००२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

याहूनही गंमत पुढेच आहे. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो, म्हणजे कोलारला १९६५ साली दिसले होते तेच, प्रोटॉनची वाट पाहणाऱ्यांना मोठा अडथळा वाटत. त्यांच्यामुळे प्रोटॉन फुटल्याचा खोटा भास होई. म्हणून ही अडगळ नेमकी किती आहे हे मोजणे भाग होते. मोजली, तर त्यांतल्या एका प्रकारचे न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा कमी भरले. कोणी म्हणाले, मोजण्यात चूक असेल. त्या गटाने चूक शोधली, पण ती सापडेना. मग ५०,००० टन पाण्याचे नवे उपकरण उभे राहिले आणि १९९८ साली उलगडा झाला. न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात. याचाच अर्थ त्यांना वस्तुमान असते. ताकाआकी काजिता यांना याबद्दल २०१५ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शेऱ्याच्या रकान्यात टाकून द्यायची गोष्टच शेवटी मुख्य गोष्ट ठरली!

उत्तर नसले की गट जमतो

या दोन्ही हकिगतींत मला एकच गोष्ट दिसते. उत्तर आधीच ठाऊक असेल तर गटात एक मुकादम होतो आणि बाकीचे हमाल होतात. ज्याला उत्तर ठाऊक तो सांगणार, इतरांनी पुठ्ठा कापायचा. उत्तर कोणालाच ठाऊक नसेल, तर मात्र हुशार आणि मागे बसणारा हा भेद क्षणात गळून पडतो. माठाच्या गटात चौघांचे मत एक आणि एकटीचे वेगळे होते. उत्तर माहीत असते तर त्या एकटीला चौघांनी गप्प केले असते. उत्तर माहीत नव्हते म्हणून तिचे मत वहीत लिहिले गेले.

इथे एक सावधगिरी हवी. 'सगळ्यांनी मिळून ठरवले' म्हणजे ते खरे होत नाही. माठाच्या तापमानावर मतदान घेता येत नाही. चौघांचे मत चारपट खरे नसते. गटाचा खरा उपयोग वेगळाच आहे. एकाने पाहिले नाही ते दुसरा पाहतो, एकाला सुचले नाही ते दुसऱ्याला सुचते आणि एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येते. शेवटचा निवाडा मात्र तापमापकानेच द्यायचा.

आणि हो, उत्तर ठाऊक नसण्याची भीती वाटते. मलाही वाटते. वर्गात विद्यार्थ्याने न येणारा प्रश्न विचारला की क्षणभर घसा कोरडा पडतो. पण पाच जण मिळून न येणाऱ्या प्रश्नासमोर उभे राहिले की ती भीती वाटली जाते आणि पाचव्या हिश्श्याएवढीच उरते.

पुन्हा माठांकडे

पुढच्या आठवड्यात मी ती वही घेऊन त्या शाळेत गेले. मुलांना म्हटले, "वही वाचली. गुण देताना माझं चुकलं." निकाल तर बदलता येणार नव्हता. मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग वेणीवाली म्हणाली, "बाई, मग आता पुढं काय करायचं?"

मी उत्तर देणार होते. काय करायचे ते मला दिसत होते. पण जीभ आवरली आणि तोच प्रश्न परत त्यांच्याकडे टाकला. दोन मिनिटे शांतता. मग आतापर्यंत एक शब्दही न बोललेला एक मुलगा म्हणाला, "माठांची अदलाबदल करू. जुना खिडकीत, नवा कोपऱ्यात."

तेच तर हवे होते! नवा माठ पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात होता आणि जुना खिडकीजवळ. माठाचे वय आणि वारा या दोन गोष्टींची गाठ बसली होती आणि एकीचा परिणाम दुसरीत मिसळत होता. ही गाठ मीही वही दुसऱ्यांदा वाचताना पाहिली होती. त्या मुलाने ती स्वतः सोडवली. दुसऱ्याच्या घरी किराणा दुकान होते. त्याने तराजू आणायचे कबूल केले. रोज सकाळ-संध्याकाळ माठ वजन करून किती पाणी उडाले ते मोजायचे, ही त्याची कल्पना. ती मला सुचलेली नव्हती.

जागांची अदलाबदल करीत आणखी काही आठवडे मोजणी चालली. निकाल काय लागला? बहुतेक दिवशी खिडकीतला माठ पुढे राहिला, मग तो जुना असो वा नवा. एकटीचे मत खरे ठरले. वारा पडलेल्या दिवशी मात्र नवा माठ किंचित सरस वाटला. पण हा फरक तापमापकाच्या लहानात लहान खुणेएवढाच होता, त्यामुळे मुलांनी लिहिले, 'खात्री नाही.' शिवाय दोन माठ दोन वेगळ्या कुंभारांकडचे होते. मग फरक वयाचा की मातीचा? हा प्रश्न आधी कोणाला पडलाच नव्हता. प्रयोग संपताना प्रश्न एकाचे दोन झाले होते.

आजीला हे सगळे सांगितल्यावर ती म्हणाली म्हणे, "ते राहू द्या. मी आता नवा माठ आणू की नको?" नातू म्हणाला, "आधी जुना खिडकीत ठेवून बघ." यापेक्षा प्रामाणिक निष्कर्ष मी तरी प्रदर्शनात वाचलेला नाही.

तुम्हीही करून पाहा

तीन ते पाच जणांचा गट जमवा आणि असा प्रश्न निवडा, ज्याचे उत्तर गटात कोणालाही ठाऊक नाही आणि पुस्तकातही थेट सापडत नाही. प्रश्न लहानच असू द्या. काही नमुने देते.

मटकीला मोड कशात लवकर येतात, सुती फडक्यात, डब्यात की चाळणीत? गावाच्या चार टोकांच्या घरांवर एकसारखे सरळ डबे ठेवले, तर एकाच पावसात त्यांत सारखेच पाणी साठते का? डाळीत मीठ आधी घातले तर ती शिजायला जास्त वेळ लागतो का? (हा प्रयोग घरातल्या मोठ्या माणसांच्या सोबतीनेच करावा.) ओला रुमाल पंख्याखाली लवकर वाळतो की उन्हात?

मग पुढील गोष्टी पाळा.

१. प्रयोगापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घडी घालावी. एकमेकांचे पाहू नये. चिठ्ठ्या शेवटी उघडाव्यात. अंदाज चुकलेल्याला हसू नये. त्याला तसे का वाटले होते, ते विचारावे.

२. कामे फिरती ठेवावीत. आज जो वाचन घेईल तो उद्या लिहील, परवा पाणी भरील. कायमचा पुढारी नको आणि कायमचा हमालही नको.

३. एकच वाचन दोघांनी स्वतंत्रपणे घ्यावे. फरक पडला तर दोन्ही आकडे लिहावेत. खोडरबर प्रयोगाच्या वेळी दप्तरातच राहू द्यावे.

४. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा. खिडकी बंद होती, पाऊस आला, मांजराने डबा पाडला, सगळे लिहावे.

५. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कोणीचा परिणाम झाला ते कळणार नाही.

६. शेवटी तीन वाक्ये लिहावीत. आम्हांला काय कळले, काय कळले नाही आणि आता कोणता नवा प्रश्न पडला. तिसरे वाक्य लिहिता आले तर प्रयोग यशस्वी झाला असे खुशाल समजावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींनाही एक विनंती. उत्तर तुमच्या जिभेवर आले तरी दोन मिनिटे थांबा. मागच्या बाकावरचा मुलगा त्या दोन मिनिटांतच बोलतो.

मी अजूनही प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाते. आता टेबलाजवळ गेल्यावर पहिला प्रश्न विचारते, "तुम्हांला आधी काय वाटलं होतं, आणि नंतर काय निघालं?" ज्वालामुखीवाले गोंधळतात. पण कधी कधी एखादा गट एकमेकांकडे पाहून हसतो आणि पाचही जण एकदम बोलू लागतात. मग मी खुर्ची ओढून घेते, घड्याळ पालथे ठेवते आणि म्हणते, "आधी तुमची वही दाखवा."